सातवा डाव

साताऱ्याला मावशीच्या घरातले आवाज मला अजून क्रमानं आठवतात. पहाटे पाचला काकांच्या ट्रान्झिस्टरची खरखर, मग मावशीच्या हातातल्या भाकरीची थापथाप, साडेसातला एमआयडीसीचा भोंगा, आणि संध्याकाळी साडेपाचला माझा आवाज. माझा म्हणजे माझ्या पोत्याचा. घरामागच्या बोळात काकांनी भिंतीला भुशाचं एक पोतं टांगलं होतं आणि त्यावर खडूनं चौकोन काढला होता. त्या चौकोनात मी रोज थांबत थांबत चाळीस चेंडू मारायचे. काका बाजूला खुर्ची टाकून मोजत बसायचे. आत गेलेला चेंडू ‘लग्या’ आणि बाहेर गेलेला ‘गया’. शेजारच्या घरातले आजोबा पहिले काही दिवस रोज काकांना विचारायचे, “हवालदार, गादी पिंजाय बसवली का काय?” पुढं त्यांनाही त्या आवाजाची सवय झाली. एखाद्या दिवशी मी दमून लवकर थांबले तर भिंतीपलीकडून हाक यायची, “आज चाळीस न्हाई झालं वाटतं?”

आमचं गाव आष्टा. घरी ऊस, दोन म्हशी, आणि तीन बहिणींत मी मधली. अकरावीला अण्णांनी मला साताऱ्यात मावशीकडं ठेवलं, कारण मावशीला मूलबाळ नव्हतं आणि काका फौजेतून परत येऊन एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक झाले होते, त्यांच्या पाळ्या असायच्या. मावशीला सोबत आणि मला शिक्षण, असा साधा हिशोब. मावशीच्या हातची वाघ्या घेवड्याची आमटी मी तिथं पहिल्यांदा खाल्ली. आमच्याकडं घेवडा नसायचा, आमच्याकडं वांगी. पहिल्या आठवड्यात मी घरच्या आठवणीनं रडले, दुसऱ्या आठवड्यात आमटी दोनदा मागून घेतली, आणि मावशीनं अण्णांना फोनवर सांगितलं, “रुळली पोरगी.”

बेसबॉल मला कुणी शिकवला असं म्हणता येणार नाही. कॉलेजच्या मैदानावर खेळाचे सर मुलींचा संघ जमवत होते आणि त्यांना नऊ मुली मिळत नव्हत्या. मी नववी. हा खेळ काय आहे हे गावाकडं कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. सरांनी मला सगळ्यात लांब, कुंपणाजवळ उभं केलं, जिथं चेंडू क्वचित येतो. एक आला. मी तो उचलला आणि जिथनं मारला गेला होता तिथंच परत फेकला, टप्पा न पडता, सरळ. सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. आई नेहमी म्हणायची की बापाचा राग तुझ्या हातात उतरलाय, पण त्याचा काही उपयोग होईल असं तिलाही वाटलं नसेल.

सरांनी मला लगेच चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर करायला घेतलं आणि आठवड्याभरात त्यांना माझा दोषही कळला. माझा हात सलग वीस-पंचवीस चेंडूंपुरता होता. त्यानंतर खांद्याची नुसती दोरी व्हायची. शिवाय त्या वीस-पंचवीसांतही कोणता कुठं जाईल याचा नेम नव्हता. चांगल्या दिवशी समोरच्या मुलीला चेंडू दिसायचा नाही. वाईट दिवशी तो मागं बसून झेलणाऱ्या आमच्या कॅचरलाही दिसायचा नाही.

आमची खरी पिचर होती मंगल. वडूजच्या पलीकडच्या एका वाडीची, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. तिच्या घरची मेंढरं होती आणि थोडी कोरडवाहू जमीन. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरं घेऊन खाली नदीकाठाला उतरत, ते पाऊस सुरू झाल्यावरच घरी परतत. मंगलचा चेंडू हळू यायचा, पण सुईत दोरा ओवावा तसा. पहिल्या डावात जसा, तसाच सहाव्यात. ती कधी घाई करायची नाही, कधी चिडायची नाही. शे-दीडशे मेंढरांमागं चालणाऱ्या घरातली होती, तिला घाई ठाऊकच नसावी. सरांनी मग असं ठरवलं की सातातले सहा डाव मंगलनं टाकायचे आणि सातवा मी. सहा डाव हळू चेंडूला सरावलेल्या मुलींसमोर एकदम माझा वेगातला चेंडू आला की त्यांची बॅट उशिरा फिरते, हे त्यांचं गणित. संघातल्या मुलींनी माझं नाव ‘शेवटची’ ठेवलं. मागच्या वर्षी माझ्या लेकीनं मला मोबाईलवर परदेशातला एक सामना दाखवला. त्यात शेवटच्या डावाला एक धिप्पाड माणूस मैदानात आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. लेक म्हणाली, “आई, हा फक्त शेवटचाच डाव टाकतो. ह्याला क्लोजर म्हणतात.” मी चष्मा लावून त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. चाळिशी उलटल्यावर मला कळलं की मी जे होते त्याला जगात नाव आहे. त्या बाबानंही लागोपाठ दोन जणांना चार-चार चेंडू बाहेर टाकून, माझ्यासारखंच, न मारता फुकट पुढं जाऊ दिलं, तेव्हा मला तो आणखीच जवळचा वाटला.

घरात मात्र माझ्या कामाची किंमत काय यावरून रोज वाद. मावशी म्हणायची, “बाकीच्या पोरी दोन दोन तास उन्हात, अन् ही झाडाखाली बसून शेवटी धा मिनिटं जाणार. तिला कशाला गं रोज दोन अंडी?”

काका भाकरी मोडत म्हणायचे, “तोफ रोज डागत न्हाईत. म्हणून तिला तेल लावायचं सोडत्यात का?” ते तोफखान्यात होते. त्यांचं म्हणणं, माझी चूक हाताची नव्हे, थंड हाताची. थंड नळीतला पहिला गोळा कुठं पडेल सांगता येत नाही, म्हणून आधी नळी तापवायची. बोळातलं पोतं त्याचसाठी. ही गोष्ट खरी असेलही. पण पोत्यावर चाळीसातले पस्तीस ‘लग्या’ गेले तरी मैदानात काय होईल ते मैदानातच कळायचं.

ते कळलं एका शनिवारी. विभागीय स्पर्धेच्या दोन आठवडे आधी सांगलीच्या एका कॉलेजचा संघ आमच्याकडं सरावाचा सामना खेळायला आला होता. मंगलनं सहा डाव टाकले. आम्ही तीन रननं पुढं. काका पाळी बदलून घेऊन सामना बघायला आले होते, गणवेशातच. मी गेले, पहिला चेंडू टाकला आणि तो कॅचरच्या डोक्यावरून गेला. पुढचे तीनही असेच भलतीकडं. चार चेंडू चौकटीच्या बाहेर गेले की समोरची मुलगी न मारता पहिल्या बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर जाते; असे चार थांबे झाले की रन. अशा मी तिघी पाठवल्या. चौथीच्या मांडीवर चेंडू बसला, त्याचा आवाज मला अजून येतो. ती उंच, गोरी, वेणी टोपीत खोचलेली मुलगी. लंगडत बेसवर गेली, आणि पुढचे तिन्ही बेस भरलेले होते म्हणून सगळ्यात पुढची आत येऊन त्यांना रन मिळाला. मग एकीनं जोरात मारला आणि दहा मिनिटांत सामना गेला. मंगलचे सहा डाव गेले.

खरं तर फारसं काही बिघडलं नव्हतं, सरावाचा सामना. पण मंगल मला काही बोलली नाही आणि तेच मला सोसेना. विभागात पहिला येणारा संघ राज्य स्पर्धेला जायचा. राज्याचं प्रमाणपत्र हातात असलं की पोलीस भरतीत उपयोग होतो, असं सर सांगायचे आणि मंगलचं सगळं लक्ष त्या एका कागदावर होतं. माझ्यासाठी बेसबॉल म्हणजे गंमत होती. तिच्यासाठी मेंढरांमागं न जाण्याचा रस्ता.

रविवारी मावशीनं तिला जेवायला बोलावलं, मला न सांगता. आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कांदा. मंगल मांडी घालून शांतपणे जेवली, दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग हात धुताना मला म्हणाली, “मी रागवले न्हाई. फकस्त एक सांग, आज आपला हात चालणार का न्हाई, हे तुला कवा कळतं?”

“पहिला चेंडू टाकल्यावर.”

तिनं ओले हात झटकले. “मग लय उशीर हुतो की गं,” म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसायला लागलो. मावशी आतून विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि आम्हाला सांगता येईना.

सरांनी मात्र ठरवलं की स्पर्धेत सातही डाव मंगलच टाकेल. तीन सामने तिनं टाकले आणि तीनही जिंकून दिले. मी झाडाखाली बसून पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि भडंग खाल्लं. स्पर्धा सांगलीत होती, मैदानाबाहेर भडंगाची गाडी लागायची. शेवटचा सामना सरावाला आलेल्या सांगलीच्या त्याच कॉलेजशी.

त्या दिवशी अण्णा आले. आष्ट्याहून सांगली काही लांब नाही, पण ते एकटे येतील तर ते अण्णा कसले! ऊस तोडून झाला होता, टेम्पो मोकळा होता, त्यात चुलते, आतेभाऊ, शेजारचे दोघं असे दहा-बारा जण भरून आणले. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. टेम्पो कुंपणाला लावून ते हौद्यात उभे राहिले, म्हणजे उंचावरून दिसेल. काकाही साताऱ्याहून आले होते. त्यांना खेळ कळत होता, म्हणून त्यांना मध्ये घेतलं होतं. पण काका सामना सुरू झाल्यावर एक अक्षर बोलत नसत, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. मी सहा डाव नुसतीच बसून आहे हे बघून अण्णा दोनदा कुंपणापाशी आले. “व्हय गं, तुला घेतलंय का न्हाई?” मी म्हटलं, “घेतलंय अण्णा, राखीव.” त्यावर ते चेहरा पाडून परत गेले.

सहाव्या डावाच्या शेवटी आम्ही एका रननं पुढं होतो. मंगल बाकावर आली आणि मुठीत बोट लपवून बसली. मी मूठ उघडली. मधल्या बोटावरचा फोड फुटला होता, कातडं सुटलं होतं आणि चेंडूवर रक्ताचा डाग होता. सरांनी बोट बघितलं आणि ते बाकावरच्या मुलींकडं वळले. संघात आणखी एक मुलगी चेंडू टाकू शकायची, रेश्मा, सरळ आणि सावकाश. सरांची नजर तिच्याकडं गेलेली मी बघितली. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

मंगल उभी राहिली. “सर, शुभीला द्या.”

“मागच्या वेळी काय झालं, माहिती आहे ना?”

“मला न्हाई तर कुणाला म्हाईत? सर, रेश्माचा बॉल माझ्यावानीच येतो. त्या पोरींना आता त्याची सवय झालीय, ठोकून काढतील. पण हिला त्या भ्यात्यात. त्या उंच पोरीनं मघाशी पाणी पिताना मला इचारलं, ती येडी आज टाकणार न्हाई नव्हं?”

सरांना हसू आलं. मला येईना. मंगलनं चेंडू आपल्या पँटला पुसला आणि माझ्या हातात दिला. तिच्या बोटाचा ओलसरपणा चेंडूवर होता तो मला लागला. तिनं नीट टाक असं म्हटलं नाही, जिंकव असंही म्हटलं नाही. “जा,” एवढंच म्हणाली.

मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि टेम्पोतून आरोळी उठली. पहिला चेंडू बाहेर गेला. पंच ओरडले, “बॉल!” टेम्पोत टाळ्या. दुसरा खाली आपटला. “बॉल!” आणखी जोरात टाळ्या, कुणीतरी शिट्टी मारली. तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी पंच “बॉल!” म्हणायचे आणि अण्णा दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायचे. पहिली मुलगी फुकट बेसवर गेली. अण्णांना वाटलं, मी तिला बाद करून हाकललं. “एक गेली!” असं त्यांनी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं. दुसऱ्या मुलीला मी आणखी दोन चेंडू बाहेर टाकले. “बॉल!” टाळ्या. “बॉल!” टाळ्या. हे लोक माझी थट्टा का करतायत असं वाटून मी टेम्पोकडं बघितलं. काकांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं. शेजारी अण्णांचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पंच मोठ्यानं ‘बॉल’ म्हणतात म्हणजे पोरीनं झकास बॉल टाकला, असं अण्णा समजत होते.

मला हसू फुटलं. सामन्याच्या मध्यात, सगळ्यांसमोर, मी पोट धरून हसायला लागले. कॅचर धावत आली. “काय झालं गं? बरं वाटंना का?” मी तिच्या कानात सांगितलं. तिनं टेम्पोकडं बघितलं आणि तीही तोंडावर हातमोजा धरून हसत सुटली. पंचांनी दरडावलं तेव्हा ती परत गेली. मी डोळे पुसले, आणि काय सांगू, खांद्यात अडकून बसलेलं काहीतरी त्या हसण्यात निघून गेलं होतं. पुढचा चेंडू मी टाकला तो मला टाकल्यासारखा वाटलाच नाही. “स्ट्राइक!” म्हणजे चौकटीत गेलेला, नाहीतर बॅट फिरवून हुकलेला; असे तीन झाले की समोरची बाद. टेम्पो गप्प. आणखी एक. “स्ट्राइक!” अण्णांचे हात खाली आले. तिसऱ्याला ती मुलगी बॅट फिरवून वळली तोवर चेंडू कॅचरच्या हातात होता. बाद. आमच्या मुली नाचत होत्या आणि टेम्पोत कुणीतरी मेल्यासारखी शांतता.

तिसरीनं चेंडू जमिनीलगत मारला, तो उचलून तिला पहिल्या बेसवर बाद केलं, पण आधीची मुलगी दुसऱ्या बेसवर सरकली. दोघी बाद, एक बाद करायची. आणि बॅट घेऊन आली ती उंच मुलगी. मांडीवर चेंडू खाल्लेली. ती चौकटीपासून हातभर लांबच उभी राहिली. दोन स्ट्राइक झटक्यात झाले. मग हात दमला. खांद्याची दोरी होताना मला स्पष्ट कळत होतं. एक बॉल, दोन बॉल, तीन बॉल, आणि टेम्पोत परत दिवाळी. आता शेवटचा. बाहेर गेला तर आणखी एक बेसवर, आणि माझ्यात काही उरलेलं नव्हतं.

चेंडू हातातून निसटला. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, पण आता लिहून टाकते. तो चेंडू वाईट होता. खांद्याच्याही वर चालला होता, सोडताक्षणी मला कळलं की चौथा बॉल झाला. ती मुलगी नुसती उभी राहिली असती तरी पुरे होतं. पण चेंडू पुन्हा अंगावर येतोय असं तिला वाटलं असावं. तिनं डोळे मिटून बॅट फिरवली आणि ती हवेत फिरली. “स्ट्राइक! आऊट!”

आमच्या मुली चहूबाजूंनी धावत आल्या. सगळ्यांत पुढं मंगल, बोटाला रुमाल बांधलेली. तिनं मला उचललं आणि दोघी पडलो. मातीत पडल्या पडल्या मला टेम्पो दिसला. अण्णा हौद्यात मटकन खाली बसले होते आणि टोपी काढून कपाळ धरलं होतं. त्यांना वाटलं, आम्ही हरलो.

दुपारी अण्णांनी सगळ्या संघाला त्याच टेम्पोतून आष्ट्याला जेवायला नेलं. आईनं वांगी केली होती, भरलेली, शेंगदाण्याचं कूट घालून. पडवीत चौदा पोरी पंगतीला, सर आणि काका समोर. काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांना राहवलं नाही.

“पाव्हणं, एक इचारू? तुमी टाळ्या कवा वाजवत हुता?”

“पंच बॉल म्हणायचा तवा. का?”

“अवो, बॉल म्हंजी चुकलेला. पोरगी चुकत हुती, तुमी वाजवत हुता. अन् नीट टाकाय लागली तवा तोंड पाडून बसला.”

सगळी पडवी हसायला लागली. आई पदर तोंडाला लावून आत पळाली. अण्णा खजील होतील म्हणून मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. ते वांग्याचं देठ चोखत होते. ते खाली ठेवून म्हणाले, “मग काय बिघडलं? चुकत हुती तवाच तिला गरज हुती की. नीट टाकल्यावर तुमी सगळे हुताच.” आणि मंगलच्या ताटाकडं बघून आत ओरडले, “अगं, त्या पोरीला वाढ. तिचं बोट दुखतंय, तिला मागाय याचं न्हाई.”

राज्य स्पर्धेला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. माझ्यामुळं. मंगलनं सहा डाव टाकून दोन रननं पुढं आणून ठेवलं होतं. मी बोळात टाकायचे तसे पाच-सहा चेंडू आधी टाकून हात तापवून गेले आणि तरी तिघींना फुकट बेस दिले; चौथीच्या फटक्यावर तिघीही आत आल्या. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मंगलला प्रमाणपत्र मिळालं, आम्हा सगळ्यांनाच मिळालं. त्याचा तिला पुढं भरतीत उपयोग झाला. आज ती पोलिसात आहे. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत हे काही ठाऊक नव्हतं. भर दुपारचं ऊन खिडकीतून आत येत होतं. मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. मंगल शेजारी येऊन बसली, थोडे शेंगदाणे दिले, स्वतः खाल्ले. मग तिला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या उजव्या खांद्यावर आलं, ज्या खांद्यानं तासाभरापूर्वी तिचा सामना घालवला होता त्याच. हाताला मुंग्या आल्या, मग तो पार बधिर झाला. सातारा येईपर्यंत मी तो हलवला नाही.